डीएनए विजेनं वाचण्याचा प्रवास : ब्रनो ते ग्राफीन

१९५८ च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरात एमिल पालेचेक हे तरुण संशोधक डीएनएच्या द्रावणात पाऱ्याचा इलेक्ट्रोड धरून विजेचे संकेत टिपत होते. पद्धत त्यांच्याच देशातल्या रसायनतज्ज्ञ हेयरोव्स्कींची, पोलॅरोग्राफी, म्हणजे पाऱ्याच्या इलेक्ट्रोडवरच्या प्रवाहावरून द्रावणातले पदार्थ ओळखणं. तिला १९५९ मध्ये नोबेल मिळालं. पालेचेक यांना दिसलं की डीएनए तापवून त्याचे दोन पेड सुटे केले की संकेत ठळक होतो. अखंड गोफात ए, टी, जी, सी ही अक्षरं आत दडलेली असतात. पेड उसवले की ती इलेक्ट्रोडपुढे उघडी पडतात. १९६० मध्ये ‘नेचर’ने हे छापलं. विजेच्या संकेतावरून डीएनए ओळखणाऱ्या उपकरणांच्या, म्हणजे डीएनए-सेन्सरच्या इतिहासात हे नाव पहिलं घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

१९६२ मध्ये लेलँड क्लार्क यांनी इलेक्ट्रोडला विकराची (एन्झाइमची) जोड देऊन रक्तातली साखर मोजायची वाट दाखवली. डीएनएच्या बाबतीत विकराची जागा जोडीच्या पेडानं घेतली. १९९३ मध्ये मिलन आणि मिकेलसन यांनी एक पेड इलेक्ट्रोडवर पक्का बसवला आणि द्रावणातला नेमका जोडीदार त्याला चिकटल्याचं विजेनं ओळखलं.

खरी अडचण म्युटेशनची, म्हणजे डीएनएतल्या अक्षरबदलाची. वीस अक्षरांत एकच चुकलं तरी पेड बऱ्यापैकी जुळतातच. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत जॅकलिन बार्टन यांच्या गटानं इथं वेगळाच विचार केला. डीएनएच्या रचलेल्या जोड्यांतून विद्युतभार वाहतो, पण एक जोडी चुकीची असली की रचना तिथं ढळते आणि प्रवाह घटतो. म्हणजे पेड चिकटला का, यापेक्षा त्यातून वीज कशी जाते हे पाहायचं. २००० मध्ये त्यांनी याच तत्त्वावर म्युटेशन ओळखून दाखवलं.

२०१९ मध्ये कियाना अरान यांच्या गटानं ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ पत्र्याच्या थरावर क्रिस्पर-कॅस९ हे ठरावीक जनुक शोधणारं प्रथिन बसवलं. कॅस९नं हवं ते जनुक पकडलं की डीएनएच्या ऋणभारामुळे ग्राफीनमधला प्रवाह बदलतो. पीसीआर या प्रयोगशाळेतल्या पद्धतीनं डीएनएच्या प्रती वाढवायची गरज नाही.

अशा चिपचा उपयोग आपल्याकडेही आहे. नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची पहिली तपासणी वर्षानुवर्षं सॉल्युबिलिटी या साध्या रक्तचाचणीनं होत आली. तिच्यातून रक्तात दोष आहे एवढंच कळतं; माणूस वाहक (एकच जनुक बदललेला) की रुग्ण, हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचण्या लागत, त्यासाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत न्यावा लागे. सिकलसेलमागे बदल एकाच अक्षराचा, ‘ए’च्या जागी ‘टी’. २०२१ मध्ये याच ग्राफीन-चिपच्या सुधारित रूपानं सिकलसेलच्या नमुन्यांत दोन्ही जनुकं बदललेली की एकच, हा फरकही ओळखून दाखवला.