बांगडा, लिंबू आणि तिसरा मिथिल

बांगड्याला लिंबू चोळलं की वास ‘मरतो’ म्हणतात. मरत काही नाही. समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथिलअमाईन ऑक्साइड असतं. मासा शिळा होऊ लागला की जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाईन करतात, तोच तो वास. हा रेणू आम्लारी. लिंबाच्या आम्लाकडून तो एक प्रोटॉन घेतो आणि धनभारित होतो. भारित कण हवेत उडत नाही, मग नाकापर्यंत पोचणार काय? कोकमही हेच करतं. (दाराला मिरच्यांबरोबर टांगलेलं लिंबू मात्र नुसतं वाळतं.)

आता माझ्या आवडीची भानगड. अमोनिया म्हणजे एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन. त्याचा एकेक हायड्रोजन काढून तिथं मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) बसवत जा; तिसरा बसला की आपलं ट्रायमिथिलअमाईन. मिथिल नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉन सरकवतो, त्यामुळे प्रोटॉन धरायला नायट्रोजन जास्त उत्सुक. म्हणजे मिथिल वाढले की आम्लारी बळकट, असा सरळ हिशोब डोक्यात बसतो. पाण्यातले आकडे तो मोडतात. प्रोटॉन घेतलेल्या आयनाचा पीकेए (तो प्रोटॉन किती घट्ट धरलाय याचा आकडा; एकाने वाढला की दहापट घट्ट) जितका मोठा, तितकी मूळ आम्लारी बलवान: अमोनिया ९.२५, एक मिथिल १०.६, दोन मिथिल १०.७, आणि तिसऱ्याला धपकन ९.८!

दोष पाण्याचा. प्रोटॉन घेतलेला आयन पाण्यात सुटा राहत नाही. नायट्रोजनवर उरलेले हायड्रोजन पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन बंधाने धरून ठेवतात, त्याने आयनाला स्थैर्य मिळतं. अमोनियमला असे चार हात, एका मिथिलनंतर तीन, मग दोन, शेवटी एकच. शिवाय तीन मिथिलांची गर्दी पाण्याला जवळ येऊ देत नाही.

पाणी काढून टाकलं तर? वायुरूपात मोजलेली प्रोटॉन-आसक्ती (प्रोटॉन घेताना सुटणारी ऊर्जा), किलोज्यूल प्रति मोलमध्ये, त्याच क्रमाने अशी: ८५४, ८९९, ९३०, ९४९. क्रम सरळ. पण वाढ बघा: ४५, मग ३१, मग १९. दर मिथिलमागे फायदा आटतो, तर पाण्याचा एक हात दर वेळी जातोच. तिसऱ्या मिथिलला तोटा फायद्याच्या वर जातो.

ॲनिलिनचं, म्हणजे अमोनियाच्या एका हायड्रोजनच्या जागी बेंझिनचं कडं असलेल्या रेणूचं, दुखणं वेगळं. तिथं नायट्रोजनची एकाकी जोडी (ज्या दोन इलेक्ट्रॉनांनी तो प्रोटॉन धरतो ती) बेंझिनच्या कड्यात पसरते, पीकेएचा आकडा ४.६ वर येतो. एक मिथिलवाल्या मिथिलअमाईनपेक्षा दहा लाख पट दुबळं.

मिथिलऐवजी इथिल (दोन कार्बनांचा गट) लावले तर पाण्यातला क्रम पुन्हा हलतो: दोनवाला पुढे, मग तीनवाला, आणि एकवाला जेमतेम मागे. परीक्षेतल्या प्रश्नात मिथिल आहे की इथिल, हे न बघता क्रम लिहिणाऱ्यांचे गुण इथंच जातात.