मेळघाटची एका दिवसाची गाडी : ज्येष्ठ जोडप्यांनी बुकिंगआधी वाचावं असं काही

अमरावतीहून पहाटे निघायचं, सेमाडोह आणि चिखलदरा करून रात्रीच्या जेवणाला परत यायचं. आमच्याकडे या गाडीला सगळ्यात जास्त मागणी आहे, आणि ती करणारे बहुतेक निवृत्त नवरा-बायको असतात. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, हाताशी वेळ भरपूर, पण घाटात स्वतः गाडी चालवणं आता नको वाटतं. तुमचंही तसंच असेल, तर पुढचं दोघांनी मिळून वाचा. एकट्या काकांनी वाचून ठरवलं की ऐन घाटात काकूंचा आवाज चढतो, हा आमच्या ड्रायव्हरांचा अनुभव आहे.

अंतर थोडं, दिवस मोठा

सगळा फेरा अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर होतो. नागपूरच्या हायवेची सवय असलेल्यांना हा आकडा किरकोळ वाटतो. पण परतवाड्यापर्यंतचे पन्नासेक किलोमीटर सोडले तर पुढचा बराचसा रस्ता घाटाचा आणि जंगलाचा आहे. तिथे ताशी पंचवीस-तीसच्या वर आम्ही गाडी काढत नाही. दिवस बारा-तेरा तासांचा होतो. म्हणून ‘धारणी पण करू, कोलकास पण करू, जमलं तर सफारी पण’ असं कोणी म्हटलं की आम्ही सरळ नाही म्हणतो. सफारी हवी असेल तर मुक्काम करा, त्याची गाडी वेगळी मिळेल.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना एकच विनंती: रात्रभर रेल्वेत बसून, बडनेऱ्याला उतरून थेट घाटाकडे निघू नका. आदली रात्र अमरावतीत झोप काढा.

गाडी कोणती घ्यावी

भाड्यापेक्षा गुडघ्यांकडे बघून ठरवा. सेडान बसायला छान, पण सीट खाली असते आणि दहादा उतरायचं म्हटलं की उठताना जीव जातो. बोलेरोला चढायला पाय उंच टाकावा लागतो. दोघांसाठी आम्ही एर्टिगाच सुचवतो. सीट मधल्या उंचीवर आहे आणि दारही मोठं उघडतं. डिकीत एक लाकडी पाट असतो. तो ड्रायव्हर दाराशी ठेवेल, त्यावर पाय देऊनच उतरा. संकोच करू नका, तरणीताठी माणसंही त्यावरून उतरतात.

रस्त्यात

सकाळी सहाला निघतो. परतवाड्याला नाश्ता, चहा आणि स्वच्छतागृह. तिथेच डिझेलची टाकी भरतो आणि तुम्ही रोख पैसे काढून घ्यायचे, कारण पुढे मोबाइलची रेंज येते-जाते आणि फोनवरून पैसे पाठवण्याचा भरवसा नाही. ज्यांना घाट लागतो त्यांनी डॉक्टरांनी दिलेली गोळी परतवाड्यातच घ्यावी. वळणं सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. नाश्ता हलका. आलूबोंडे मोहात पाडतात, ते येतानासाठी ठेवा.

पुढे घटांग, मग सेमाडोह. परतवाडा सोडल्यावर सेमाडोहपर्यंत धड स्वच्छतागृह नाही, हे आधीच सांगतो. बरेच जण या भीतीने पाणीच पीत नाहीत आणि लघवीची गोळीही चुकवतात. असं करू नका. गोळीची वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच बदला.

मेळघाट 1974 सालापासून व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. त्यामुळे ‘वाघ दिसेल का?’ हा प्रश्न ठरलेला. रस्त्यावरून दिसण्याची आशा धरू नका. वानरं दिसतील, त्यांना काही खायला घालू नका. रानगवा आडवा आला तर ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून लांबच थांबेल. अशा वेळी काच खाली घेऊन फोटो काढायला लागू नका. सेमाडोहला सिपना नदी आहे. ही सिपना, खंडू, खापरा, गाडगा आणि डोलार अशा पाच नद्या मेळघाटातून निघून तापीला मिळतात. हिवाळ्याच्या सकाळी सिपनेच्या काठी सागाची मोठाली पानं दवाने जड होऊन टपटप वाजतात. तिथे अर्धा तास नुसतं बसा. यादीतलं एखादं ठिकाण गेलं तरी चालेल.

होळीनंतरच्या पाच दिवसांत येणार असाल तर सुटे पैसे जास्त आणा. कोरकू आदिवासींच्या गावांत पोरंबाळं, बाया दोरी आडवी धरून गाडी थांबवतात आणि फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात. घाबरण्यासारखं काही नाही, हा त्यांचा वर्षाचा मोठा सण आहे. हसून दहा-वीस रुपये द्या, गाडी लगेच सुटते.

चिखलदऱ्यात काय बघावं, काय सोडावं

उंची साडेतीन हजार फुटांच्या वर, त्यामुळे अमरावतीत घाम असला तरी शाल बरोबर हवी. भीमकुंडाची दरी आणि पंचबोल पॉइंट गाडीपासून फार चालावं न लागता बघता येतात. पंचबोलला हाक मारून बघा, आवाज फिरून येतो. देवी पॉइंटला पायऱ्या आहेत. एकाला जमत नसेल तर दुसऱ्याने जावं, ड्रायव्हर गाडीपाशी थांबतो. गाविलगड मोठा किल्ला आहे. 1803 च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने तो घेतला. पण नीट बघायचा तर दोन-तीन तास ऊन-दगडांत चालावं लागतं. एका दिवसाच्या फेरीत तो सोडावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जेवण एक वाजता, मधुमेह असलेल्यांसाठी त्याच्याही आधी. इथली रबडी नावाजलेली आहे. शुगरवाल्यांनी दोघांत एक वाटी घ्यावी. ‘आम्ही चाखूनच बघतो’ म्हणत दोन वाट्या संपवलेले काका आमच्या ड्रायव्हरांना चांगले माहीत आहेत.

साडेतीनला चिखलदरा सोडायचं. मोथा, धामणगाव गढीमार्गे अंधाराच्या आत घाट उतरायचा. या वेळेत सूट मिळत नाही, सूर्यास्त बघायचा हट्ट असला तरी.

सोबत काय द्यावं

दोघांच्या औषधांची नावं, डोस, ॲलर्जी आणि मुलांपैकी एकाचा नंबर एका कागदावर लिहून ड्रायव्हरकडे द्या. तो कागद पुढच्या कप्प्यात राहतो, परत येताना तुम्हाला मिळतो. गरज पडली तर चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आणि अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. ड्रायव्हरला दोन्हीकडचे रस्ते पाठ आहेत.

भाडं

भाडं गाडी आणि किलोमीटरवर ठरतं. ड्रायव्हरचं जेवण त्यातच आलं, नाके आणि प्रवेश शुल्क वेगळं, पावतीप्रमाणे. आगाऊ रक्कम थोडीच घेतो. पावसाळ्यात दाट धुकं असेल किंवा तुमच्यापैकी कोणाचं बीपी सकाळी वाढलेलं असेल तर सहाच्या आत फोन करा, तारीख बदलून देऊ, पैसे कापत नाही. आदल्या संध्याकाळी ड्रायव्हर स्वतः फोन करून घराचा पत्ता आणि लिफ्ट आहे की नाही ते विचारेल. जिना असेल तर सामान खाली आणायला तो वर येतो.