झावळी, रिले आणि ए. ललिता

मिरगाच्या आधी गुहागर-वेंगुर्ल्याकडे लाईट जायला मोठा पाऊस लागत नाही, नुसती बुरबुर पुरते. उन्हाळाभर खाऱ्या वाऱ्याने आणलेलं मीठ चिनी मातीच्या इन्सुलेटरवर साचतं. कोरडं आहे तोवर त्रास नाही. ओलं झालं की त्यातून वीज वाहते आणि ठिणगी उडते. धो-धो पाऊस उलट ते धुऊन काढतो.

जुलैत माडाची ओली झावळी तारेवर पडते, तेव्हा प्रश्न वेगळा असतो. फिडरचा, म्हणजे सबस्टेशनातून गावांकडे जाणाऱ्या वाहिनीचा, प्रवाह एकदम वाढतो. सबस्टेशनातला करंट ट्रान्सफॉर्मर शेकडो अँपिअरचा प्रवाह 1 किंवा 5 अँपिअरच्या प्रमाणात उतरवून रिलेला, म्हणजे बिघाड ओळखणाऱ्या साधनाला, देतो. जुन्या रिलेत धातूची एक चकती असायची. प्रवाह जितका जास्त, तितकी ती भरभर फिरायची, ठरलेला कोन पार केला की संपर्क जुळायचा आणि ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा मोठा स्विच, उघडायचा. खरी बुद्धी लागते ती वेळा लावताना. बिघाडाच्या जवळचा रिले आधी सुटला पाहिजे, त्याच्या मागचा साधारण 0.4 सेकंद थांबला पाहिजे. हे गणित चुकलं तर एका वाडीतल्या झावळीपायी अख्खा तालुका अंधारात जातो.

ही संरक्षण यंत्रणा आणि सबस्टेशनची मांडणी हेच ए. ललिता यांचं क्षेत्र. त्या भारतातल्या पहिल्या महिला विद्युत अभियंता. आपल्याकडे वायरमनला हे नाव ठाऊक नसतं, अभियांत्रिकीच्या मुलींनाही क्वचितच, याची मला मनापासून खंत वाटते.

जन्म 1919, मद्रास. अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात चार महिन्यांची मुलगी. वडील मद्रासमधल्याच गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत विभागाचे प्राध्यापक. त्यांनी प्राचार्यांकडे शब्द टाकला आणि ललितांना प्रवेश मिळाला. पदवी 1943 ची. प्रमाणपत्र पुरुषांसाठी छापलेलं, तेव्हा त्यावरचा इंग्रजी ‘ही’ खोडून हाताने ‘शी’ लिहावं लागलं.

पुढे कलकत्त्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजमध्ये त्यांनी जवळपास तीस वर्षं काढली. पारेषण वाहिन्या, सबस्टेशनचे आराखडे, संरक्षक साधनं, भाक्रा-नांगलच्या जनित्रांचं काम. लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सने 1953 मध्ये त्यांना सहयोगी सदस्य केलं, 1966 मध्ये पूर्ण सदस्य.

मला त्यांचं मोठेपण पदांपेक्षा 1964 मध्ये जास्त दिसतं. न्यूयॉर्कला महिला अभियंता व शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. भारतात अशी संघटनाच नव्हती, म्हणून त्या स्वतःच्या नावावर गेल्या. परतल्यावर 1967 च्या केंब्रिज परिषदेसाठी भारतातल्या प्रतिनिधीची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली. त्यांच्याबरोबर गिंडीत शिकलेल्या पी. के. थ्रेसिया 1971 मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. इंजिनिअर्स इंडिया या सरकारी कंपनीच्या अध्यक्षपदी पहिली महिला, वर्तिका शुक्ला, यायला मात्र 2021 उजाडलं.