पार्श्वभूमी: रस्त्यात ओळख देणारी सिटी आणि लान्सर

जपानी गाड्यांच्या वेडाचा विषय निघाला की स्कायलाइन जीटी-आर, सुप्रा ही नावं हमखास येतात. पुण्या-मुंबईत मात्र मॉडिफाय केलेली जुनी जपानी गाडी दिसली, तर ती बहुधा पहिल्या पिढीची होंडा सिटी, नाहीतर मित्सुबिशी लान्सर. समोरून तशीच दुसरी आली की हेडलाइटची उघडझाप होते, सिग्नलला काच खाली येते आणि ‘स्प्रिंग कुठल्या टाकल्यात?’ इथून गप्पा सुरू.

हे असं का, याचं उत्तर आयातीच्या नियमांत आहे. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि उतरवायची ती मुंबई बंदरातच. वर सीमाशुल्क इतकं की एका गाडीत दोन गाड्यांचे पैसे जावेत. न्यूझीलंडमध्ये जपानी सेकंडहँड गाड्या जहाजं भरभरून गेल्या. अमेरिकेत 25 वर्षं जुनी झालेली गाडी आणता येते. आपल्याकडे शोरूममध्ये जे मिळालं, त्यावरच हौस भागवावी लागली.

आधी ती मारुतीवर भागली. 1983 ची 800, 1993 ची झेन, पाठोपाठ एस्टीम, रॅलीत जिप्सी. खरा रंग चढला तो 1998 नंतर. त्या वर्षी सिटी आली आणि हिंदुस्तान मोटर्सच्या तिरुवल्लूरच्या कारखान्यातून लान्सरही. दोन्ही दिसायला साध्या, बापाने ऑफिसला न्यायच्या गाड्या. पण सिटीचा सांगाडा होंडाच्याच 1987 च्या सिव्हिकचा, आणि आपली लान्सर म्हणजे रॅली गाजवणाऱ्या लान्सर इव्होल्यूशनच्या 4 ते 6 या आवृत्त्यांची सख्खी चुलत बहीण! पुढे सिटीत 106 बीएचपी (बीएचपी म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप) देणारं, आरपीएम चढले की झडपा जास्त उघडणारं व्हीटेक इंजिन आलं. 2003 मध्ये नवी सिटी आली ती 77 बीएचपी घेऊन, आणि जुनीचा भाव जाणकारांत चढला तो चढलाच. माझ्या मते होंडाने नकळत केलेली ही सर्वांत मोठी जाहिरात. सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्याची नाना पेठ होतीच.

मग कायदा आडवा आला. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन बेकायदा बदलाला, दर बदलामागे, 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. भडक स्टिकर आणि मोठाले स्पॉइलर मागे पडले, बाहेरून ‘स्टॉक’, म्हणजे कंपनीतून आल्यासारख्या, दिसणाऱ्या गाड्यांना मान आला.

त्यामुळे ओळखणाऱ्याची नजरही बदलली. आता तो बघतो स्पीडब्रेकर. गाडी तिरकी घालून एकेक चाक जपत चढवली, की समजायचं, स्प्रिंग बदलून गाडीची उंची कमी केली आहे. नाहीतर कान लावायचा: आरपीएम चढता चढता व्हीटेकचा आवाज एकदम कडक होतो, आणि धूर कमी अडथळ्याने बाहेर सोडणारा मोठ्या आवाजाचा फ्री-फ्लो एक्झॉस्ट असेल तर तो पुढच्या चौकापर्यंत पोचतो.

या गाड्यांची पंधरा वर्षं कधीच उलटली. फेरनोंदणीसाठी आरटीओसमोर गाडी उभी करावी लागते. म्हणून मुरलेला मालक कंपनीचा मूळ सायलेन्सर कधी भंगारात देत नाही.