चेहऱ्यावरच्या खोल सुरकुत्या : उपचार ठरवण्यापूर्वी

आमच्या त्वचा-चिकित्सालयात सुरकुत्यांसाठी येणारे बरेच जण उपचाराचे नाव घरूनच ठरवून आलेले असतात. कुणाला बोटॉक्स हवे असते, कुणाला फिलर. आमची विनंती अशी, की त्याआधी आपली सुरकुती कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे. खिडकीजवळच्या उजेडात आरसा घेऊन चेहरा अगदी सैल सोडावा, मग आठ्या घालाव्यात, हसावे आणि चेहरा पुन्हा सैल सोडावा. जी रेष फक्त आठ्या घातल्यावर दिसते, ती स्नायूंच्या ओढीने उमटलेली असते. चेहरा स्वस्थ असतानाही जी जात नाही, ती त्वचेत बसलेली घडी असते. आणि नाकाच्या बाजूने ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी बहुधा गालाचा भराव कमी होऊन त्वचा ओघळल्याने पडलेली असते. या तिन्हींवर एकच उपाय चालत नाही, आणि खोल सुरकुतीत बहुतेकदा दोन कारणे एकत्र असतात.

भुवयांमधल्या उभ्या आठ्या, कपाळावरच्या आडव्या रेषा आणि डोळ्यांच्या कडेच्या रेषा यांसाठी बोटुलिनम टॉक्सिन (बोटॉक्स हे त्याचेच एक व्यापारी नाव) उपयोगी पडते. ते स्नायूकडे जाणारा मज्जातंतूचा संदेश काही काळ अडवते. परिणाम तीन-चार दिवसांत जाणवू लागतो, सुमारे दोन आठवड्यांनी पूर्ण दिसतो आणि साधारण 3 ते 4 महिने टिकतो. वर्षानुवर्षे मुरलेली आठी मात्र याने सौम्य होते, पुसली जातेच असे नाही. क्वचित पापणी काही आठवडे जड होऊन खाली येते. म्हणूनच इंजेक्शननंतर काही तास ती जागा चोळू नये. निरनिराळ्या कंपन्यांच्या औषधांची युनिटे एकसारखी नसतात, त्यामुळे ‘अमक्या ठिकाणी इतकी युनिटे दिली’ ही तुलना फारशी कामाची नाही.

नाकाच्या बाजूच्या घडीसाठी हायलुरोनिक आम्लाचे फिलर वापरले जाते. हा पदार्थ आपल्या त्वचेतही असतो. त्याचा जेल भरल्यावर घडीखालचा खळगा लगेच भरून येतो आणि फिलरच्या जातीनुसार व जागेनुसार साधारण 6 ते 18 महिने राहतो. नको वाटल्यास हायलुरोनिडेज या एन्झाइमचे इंजेक्शन देऊन तो विरघळवता येतो, आणि कायमस्वरूपी फिलरपेक्षा आम्ही यालाच पसंती देतो ती याचसाठी. यातला गंभीर धोका स्पष्ट सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. जेल चुकून रक्तवाहिनीत गेला, तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. अत्यंत क्वचित दृष्टीही जाऊ शकते. इंजेक्शननंतर त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर पडली, तीव्र वेदना झाली किंवा दिसण्यात फरक पडला, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी संपर्क साधावा. ही इंजेक्शने नोंदणीकृत डॉक्टरांकडूनच आणि हायलुरोनिडेज हाताशी असेल अशाच ठिकाणी घ्यावीत. ब्यूटी पार्लरची खुर्ची ही त्याची जागा नव्हे.

त्वचेतच बसलेल्या बारीक-खोल रेषांच्या जाळ्यासाठी फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर प्रभावी आहे. 10,600 नॅनोमीटर तरंगलांबीचा हा किरण त्वचेत सूक्ष्म छिद्रे पाडतो, मधली त्वचा शाबूत ठेवतो आणि भरून येताना नवे कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन) तयार होते. मात्र आपल्याकडच्या गव्हाळ व सावळ्या त्वचेवर अशा जखमेनंतर काळे डाग उमटण्याची शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा बरीच जास्त असते. म्हणून आम्ही आधी कानामागे छोटी चाचणी घेतो, ऊर्जा बेताची ठेवतो आणि उन्हात सतत काम करणाऱ्यांना एप्रिल-मे महिन्यांत लेसर टाळायला सांगतो. सुया व रेडिओ लहरी एकत्र वापरणाऱ्या उपचारात डागांचा धोका तुलनेने कमी असतो, पण बैठका अनेक लागतात. फिनॉलचे खोल पील (रसायन लावून त्वचेचे थर सोलण्याचा उपचार) हृदयाच्या लयीवर परिणाम करू शकते आणि सावळ्या त्वचेला मानवत नाही. ते आम्ही करत नाही.

गाल व जबड्याची त्वचा खूप ओघळली असेल, तर फेसलिफ्ट, म्हणजे सैल त्वचा ओढून घट्ट करण्याची शस्त्रक्रियाच योग्य ठरते. तिथे फिलर भरत राहिल्यास चेहरा फुगलेला दिसतो. अशा ग्राहकांना आम्ही प्लास्टिक सर्जनकडे पाठवतो.

कोणताही उपचार घेतला, तरी रोजचे सनस्क्रीन (एसपीएफ 30 किंवा अधिक) आणि रात्री लावायचे ट्रेटिनॉइन (‘अ’ जीवनसत्त्वाच्या गटातले मलम) यांना पर्याय नाही. ट्रेटिनॉइनने पहिले काही आठवडे त्वचा सोलवटते आणि फरक दिसायला काही महिने लागतात. गरोदरपणात ते वापरू नये. तंबाखूचे धूम्रपान चालू असेल, तर जखम उशिरा भरते, हेही लक्षात घ्यावे.

लग्नसराईत ‘परवा हळद आहे, आजच करून द्या’ असा आग्रह होतो. इंजेक्शनने काळेनिळे पडू शकते आणि लेसरनंतर चेहरा आठवडाभर लाल राहतो, त्यामुळे इंजेक्शन समारंभाच्या किमान महिनाभर आणि लेसर दोन-तीन महिने आधी घ्यावे.

पहिल्या भेटीला येताना चालू औषधांची यादी आणावी. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नये. गरोदरपण, स्तनपान, स्नायूंच्या अशक्ततेचा आजार, ओठांवर वारंवार उठणारी नागीण किंवा जखमेचा वण फुगण्याची सवय असल्यास ते आधी सांगावे. पहिल्या भेटीत फक्त तपासणी व छायाचित्रे होतात. इंजेक्शन त्याच दिवशी दिले जात नाही.