मिनिमम बॅलन्सचा दंड आणि मोबाइलवरची ओरड

ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने नव्या सेव्हिंग खात्यांसाठी महानगरांत आणि शहरांत महिन्याची किमान सरासरी शिल्लक, म्हणजे जी नसेल तर दंड बसतो ती, १० हजारांवरून थेट ५० हजारांवर नेली. निमशहरी भागात ती २५ हजार झाली, गावांत १० हजार. दरपत्रकाचे फोटो एक्सवर आणि व्हॉट्सअॅपवर फिरू लागले आणि पहिल्या नोकरीतल्या मुलांपासून पेन्शनरांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न होता, एवढे पैसे नुसते पडून ठेवायचे कुठून? ११ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी गुजरातमधल्या एका कार्यक्रमात सांगितलं, की किमान शिल्लक किती ठेवायची हे बँकांनीच ठरवायचं आहे, ते नियमनाच्या कक्षेत येत नाही. म्हणजे वरून कोणी आदेश देणार नव्हतं. तरीही १३ ऑगस्टला बँकेने आकडे खाली आणले: शहरांत १५ हजार, निमशहरी भागात साडेसात हजार, गावांत अडीच हजार.

चार-पाच दिवसांत हे घडलं, म्हणून ते सोपं वाटतं. त्यामागे वीस वर्षांचा इतिहास आहे.

नोव्हेंबर २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘नो फ्रिल्स’ खाती उघडायला सांगितली, शून्य किंवा अगदी थोड्या शिल्लकेवर चालणारी. २०१२ मध्ये त्यांच्या जागी ‘बेसिक सेव्हिंग’ खाती आली. बाकी खात्यांवर किती दंड लावायचा हे मात्र बँकांच्याच हाती राहिलं. शिल्लक शून्य झाली तरी दंड चालूच राहायचा, खातं उणे व्हायचं, आणि सहा महिन्यांनी कुठलं अनुदान जमा झालं की त्यातून आधी मागचा दंड वळता व्हायचा. २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने याला लगाम घातला. शिल्लक कमी पडली तर आधी ग्राहकाला कळवायचं, भरून काढायला किमान महिनाभर द्यायचा, दंड तुटीच्या प्रमाणात लावायचा आणि निव्वळ या दंडापायी खातं उणे होऊ द्यायचं नाही. १ एप्रिल २०१५ पासून हा नियम लागू आहे. बँकेशी वाद घालायची वेळ आली तर याच्याइतका कामाचा कागद दुसरा नाही, आणि नेमका तोच बहुतेकांना ठाऊक नसतो.

मग आलं २०१७. नोटाबंदीच्या रांगांचा शीण अजून अंगात होता. स्टेट बँकेने २०१२ मध्ये बंद केलेला दंड १ एप्रिलपासून पुन्हा सुरू केला. महानगरांत ५ हजार, गावांत १ हजार शिल्लक हवी. मोठ्या खासगी बँकांनी महिन्यात चारपेक्षा जास्त वेळा रोख भरली-काढली तर दर वेळी १५० रुपये आकारायचं ठरवलं. ‘६ एप्रिलला बँकेत एकही व्यवहार करू नका’ असे मेसेज तेव्हा गावोगावच्या ग्रुपवर फिरत होते. त्या एका दिवसाने बँकांचं काही बिघडलं असेल असं मला वाटत नाही. फरक पडला तो जानेवारी २०१८ मध्ये, अर्थ मंत्रालयाचा एक आकडा बाहेर आला तेव्हा. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत स्टेट बँकेने किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल १,७७१ कोटी रुपये वसूल केले होते. बँकेचा जुलै ते सप्टेंबर तिमाहीचा नफा होता १,५८१ कोटी. हे दोन आकडे शेजारी ठेवलेलं चित्र लाखो मोबाइलवर पोचलं, आणि खात्यात हजार-दोन हजारही न टिकणाऱ्या माणसाच्या खिशातून काय जातंय ते सगळ्यांना दिसलं. १ एप्रिल २०१८ पासून महानगरांतला दंड महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपयांवरून १५ वर आला. मार्च २०२० मध्ये स्टेट बँकेने सर्व सेव्हिंग खात्यांची किमान शिल्लकेची अटच काढली.

पंधरा रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७ रुपये ७० पैसे. ही रक्कम आणखी एका प्रकरणात भेटते, आणि मला ते प्रकरण जास्त लागतं. बेसिक सेव्हिंग खात्यांतून महिन्यात चार वेळा पैसे निघाले, की पाचव्या व्यवहारापासून स्टेट बँक दर वेळी १७.७० रुपये कापत होती, यूपीआयने किंवा रुपे कार्डाने केलेल्या खरेदीवरसुद्धा. पन्नास रुपयांची भाजी घेतली तरी १७.७०. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांनी हिशेब मांडून हे उजेडात आणलं. एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० या काळात सुमारे १४ कोटी डिजिटल व्यवहारांवर २५४ कोटी रुपये कापले गेले होते. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने बँकांना १ जानेवारी २०२० नंतरची अशी वसुली परत करायला सांगितलं. स्टेट बँकेने सुमारे ९० कोटी परत केले. नोव्हेंबर २०२१ पर्यंत १६४ कोटी परत मिळाले नव्हते. यावर हॅशटॅग गाजला नाही. ज्यांचे पैसे गेले ते एक्सवर नव्हते.

हे मी घरातही पाहिलं आहे. माझी आत्या बार्शीजवळच्या खेड्यात राहते. सोयाबीनचे पैसे जमा झाले का बघायला तिने पासबुक भरून आणलं, तर ओळीमागून ओळ दंडाची वजावट. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, “मावशी, सिस्टीमच कापते.” माझ्या भाच्याने त्या पानाचा फोटो बँकेच्या हँडलला टॅग केला, खातेक्रमांक झाकून. तासाभरात ‘तपशील डीएम करा’ असं उत्तर आलं, तिसऱ्या दिवशी पैसे परत. आत्याला आनंद झाला, पण तिने लगेच विचारलं, “शेजारच्या सुमनच्या पासबुकातही हेच आहे, तिचं काय?”

सुमनताईंसाठी आम्ही लेखी अर्ज दिला, २०१४ च्या परिपत्रकाची तारीख घालून. शाखेकडून पोच घेतली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. नोव्हेंबर २०२१ पासून देशभर एकच योजना आहे, तक्रारीला पैसे पडत नाहीत आणि ती टपालानेही पाठवता येते.

२०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या दंडापोटी सुमारे ८,५०० कोटी रुपये गोळा केले, असं सरकारने जुलै २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं. पुढच्या वर्षी जून-जुलैमध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा आणि इंडियन बँकेने दंड रद्द केला. त्यात लोकांच्या रागाचा वाटा होता, तसा ठेवी ओढून घेण्याच्या चढाओढीचाही होता. आधी कापलेले पैसे परत करण्याची गोष्ट त्यात कुठेच नव्हती.

सुमनताईंचा अर्ज दिल्याला आज बावीस दिवस झाले.