जनुकीय अल्गोरिदम : कारखान्यातील कामांचा क्रम

कोणत्या मशीनवर कोणता जॉब कधी चढवायचा, याचा चांगला क्रम सजीवांच्या उत्क्रांतीच्या धर्तीवर शोधणारी संगणकीय पद्धत. तिचा पाया मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांनी घातला. त्यांचा ग्रंथ १९७५ मध्ये आला. लॉरेन्स डेव्हिस यांनी १९८५ मध्ये ती जॉब शॉपच्या, म्हणजे प्रत्येक जॉबची मशीनवरून जाण्याची वाट वेगळी असलेल्या कारखान्याच्या, वेळापत्रकासाठी वापरून दाखवली.

भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्यांना हा प्रश्न रोज पडतो. एक शाफ्ट आधी सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथवर, मग व्हीएमसीवर (उभ्या मिलिंग मशीनवर), पुढे हीट ट्रीटमेंटला आणि शेवटी ग्राइंडिंगला जातो. शेजारच्या जॉबची वाट निराळी असते. एका मशीनवर १० जॉब ३६,२८,८०० प्रकारे लावता येतात. मशीनही १० असतील, तर कागदावर मांडता येणाऱ्या क्रमांची संख्या ६६ अंकी होते. १० जॉब आणि १० मशीनचा एक नमुना प्रश्न १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे जॉब संपवायला किमान ९३० एकके वेळ लागतो, हेच त्याचे सर्वोत्तम उत्तर, हे सिद्ध व्हायला १९८९ उजाडले.

या पद्धतीचे खरे मर्म वेळापत्रक अंकांत कसे लिहायचे, यात आहे. प्रत्येकी तीन टप्प्यांचे तीन जॉब घ्या आणि २-१-१-३-२-३-१-२-३ अशी ओळ लिहा. यातला पहिला २ म्हणजे दुसऱ्या जॉबचा पहिला टप्पा, पुढचा २ म्हणजे त्याच जॉबचा दुसरा टप्पा. अंक कसेही पिसले तरी ग्राइंडिंग लेथच्या आधी येऊच शकत नाही. ही मांडणी फार सुंदर आहे. अशक्य वेळापत्रके गाळत बसण्याचे काम तिने मुळातच संपवले. मात्र दोन ओळी सरळ मधून तोडून जोडल्या, तर एखादा जॉब चारदा येईल आणि दुसरा दोनदाच. म्हणून प्रत्येक अंकाची संख्या कायम राखणारे खास संकर, म्हणजे दोन ओळींतून नवी ओळ घडवण्याच्या रीती, वापरतात.

अशा शंभरेक ओळींची एक पिढी घेतात. प्रत्येक ओळीला गुण देतात, सरस ओळींचा संकर करतात, क्वचित दोन अंकांची अदलाबदल करतात आणि हेच शेकडो पिढ्या चालवतात. हाती येते ते चांगले उत्तर. ते सर्वोत्तमच असेल, याची हमी नसते.

गुण कशाला द्यायचे, हे मात्र शॉप फ्लोअरवरच ठरते. शेवटचा जॉब किती वाजता उतरतो, एवढेच मोजले तर सेटिंगचा वेळ निसटतो. फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारा साचा) आणि टूल बदलायला तास-दीड तास जात असेल, तर सारख्या जॉबना एकापाठोपाठ लावण्याला गुण हवेत. हीट ट्रीटमेंट बाहेरच्या वेंडरकडे असेल, तर भट्टीचा लॉट कधी भरतो, हे धरावे लागते. गुरुवारची साप्ताहिक सुट्टीही हिशेबात हवी. यातले काही वगळलेले वेळापत्रक पडद्यावर देखणे दिसते आणि पहिल्याच शिफ्टमध्ये कोलमडते.

पहिली पिढी निव्वळ यादृच्छिक असावी, असा नियम नाही. सुपरवायझरने वहीत लिहिलेला क्रमही तीत घालता येतो आणि घालावाच. प्रत्येक पिढीतली सर्वांत सरस ओळ जशीच्या तशी पुढे नेली, तर अखेरचे उत्तर त्याच मापाने त्या वहीतल्या क्रमापेक्षा वाईट निघत नाही.